वहीतले खरे नाव

आमच्या भागातल्या एखाद्या ग्रामीण साहित्य संमेलनाला तुम्ही गेला असाल, तर मांडवाच्या तोंडाशी मांडलेले ते टेबल तुमच्या ओळखीचे असेल. कडोली असो, उचगाव असो, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी की निपाणीकडचे कारदगा असो, टेबल सगळीकडे एकच. त्यावर स्वच्छ धुतलेली चादर, एका ताटात गुलाबाची फुले आणि अत्तराची कुपी, कागदी बिल्ले, आणि मधोमध एक लांबट नोंदवही. वहीत शिसपेन्सिलीने आखलेले चार रकाने : अनुक्रमांक, पूर्ण नाव, गाव, सही. ग्रंथदिंडी येऊन पोहोचेपर्यंत या टेबलाशी गर्दी असते आणि उद्घाटनाचे भाषण सुरू झाले की तिथे बसलेल्या माणसाला जांभया येऊ लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका संमेलनात जांभया देणारा तो माणूस मी होतो.

उद्घाटन होऊन गेल्यावर एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, हातात पिशवी, पायात धूळ. चेहरा ओळखीचा होता. सरकारी मराठी शाळेत शिक्षक होते ते. मी वही पुढे सरकवली. त्यांनी पेन घेतले, थोडे थांबले आणि नावाच्या रकान्यात लिहिले, ‘एक रसिक’. गावाच्या रकान्यात तालुक्याचे नाव. सहीचा रकाना कोरा.

मी म्हणालो, “गुरुजी, असं कसं? खरं नाव लिहा की.”

“लिहायलाच पाहिजे काय हो?”

“म्हणजे काय! साहित्य संमेलन आहे हे, जुगाराचा अड्डा नव्हे. आपण आपलं नाव का लपवायचं?”

मागे उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी हे ऐकले. गुरुजी ओशाळले. ‘एक रसिक’ खोडून त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले आणि सहीही केली. मी त्यांच्या शर्टाला बिल्ला टोचला, अत्तर लावले आणि आपण काहीतरी तत्त्वाचे काम केले अशा समाधानात पुन्हा खुर्चीला टेकलो. त्या समाधानाची किंमत कुणी मोजली, हे मला पुढे कळले. ते शेवटी सांगतो. आधी त्या वाक्याकडे वळू. ‘खरं नाव लिहा की.’ हे तीन-चार शब्द त्या दिवसापासून मला सोडत नाहीत.

पहिली अडचण ‘खरे’ या शब्दाचीच आहे, आणि ती आमच्याइतकी पुण्या-मुंबईच्या माणसाला जाणवणार नाही. खडेबाजारातून एक चक्कर मारा. दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत कन्नड नाव असते. २०२४ साली झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीप्रमाणे फलकाचा साठ टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. खाली इंग्रजी, जागा उरली तर मराठी. पण पाटीवर काहीही असो, गिऱ्हाईक त्या दुकानाला तिसऱ्याच नावाने ओळखते. बहुधा मालकाच्या आजोबांच्या नावाने. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, तिसऱ्याशी हिंदीत, आणि गोव्याकडचे कुणी आले तर कोकणीत भाव सांगतो. त्याला विचारा, तुझी खरी भाषा कोणती? तो हसेल आणि म्हणेल, “साहेब, काय घेणार ते सांगा.”

आमच्या गावालाच दोन नावे आहेत. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ते बेळगावी झाले. घराघरांत मात्र बेळगावच राहिले. मग या गावच्या माणसाने वहीतल्या ‘गाव’ या रकान्यात काय लिहिले म्हणजे ते खरे ठरावे?

माणसांच्या नावांची तीच गत. यल्लाप्पा पाटील हे नाव वाचून हा माणूस मराठी की कन्नड, हे या भागातला कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पाटील, देसाई, कुलकर्णी, जोशी ही आडनावे दोन्ही भाषांत नांदतात. नागाप्पा, परशराम, लक्ष्मण, कृष्णा यांचे तसेच. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि मतदार यादीत तिसरे असते. देवनागरीतून कन्नडमध्ये, कन्नडमधून इंग्रजीत आणि तिथून परत, असा प्रवास करताना नावाचे कानामात्रे गळतात, शेवटी एखादा ‘अप्पा’ चिकटतो, आणि पुढे पेन्शनच्या वेळी दोन्ही नावांचा माणूस मीच, असे प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाच्या आवारात खेटे घालावे लागतात.

आणि आमच्या बायकांचे काय? माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. पुष्कळ घरांत लग्नानंतर ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहून पहिले नावसुद्धा बदलत. संमेलनात कविता वाचायला आलेल्या एका बाईंनी वहीत माहेरचे नाव लिहिलेले मला आठवते. कविता त्यांनी त्या नावाने लिहायला सुरुवात केली होती. मराठी कविता लिहिणारी त्यांच्या कन्नडभाषक सासरी कुणी ओळखत नव्हते. त्यांनी लिहिलेले नाव खोटे होते, असे मी म्हणू का? कवितेपुरते तेच तर त्यांचे सर्वांत खरे नाव होते.

तेव्हा ‘खरे नाव’ म्हणताना आपल्याला खरे तर म्हणायचे असते, ‘ज्या नावाने सरकारला, मालकाला किंवा भाऊबंदांना तुम्हाला शोधता येईल ते नाव.’ एकदा हे कबूल केले की प्रश्न स्वच्छ होतो. सभेला येऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला शोधता येण्याजोगे करूनच आत यावे, अशी अट घालण्याचा अधिकार सभा भरवणाऱ्याला आहे काय?

‘आहे’ म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही, आणि ती बाजू मी स्वतः टेबलाशी बसून मांडली असल्यामुळे तिचे बळ मला ठाऊक आहे. या बाजूला सर्वांत मोठा माणूस उभा आहे तो गांधीजी. राष्ट्रीय सभेच्या ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले ते डिसेंबर १९२४ मध्ये आमच्या बेळगावात झाले, हे या भागातल्या शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. हेच गांधीजी १९३० साली मिठाचा कायदा मोडायला निघाले तेव्हा आधी २ मार्चला व्हाइसरॉयला पत्र लिहून त्यांनी आपला बेत कळवला, आणि १२ मार्चला कूच करताना आपल्याबरोबरच्या सत्याग्रहींची नावे ‘यंग इंडिया’त छापून टाकली. पोलिसांनी यादी मागायची वेळच येऊ दिली नाही. त्यांचा विचार असा, की जो लपतो तो भितो, आणि जो भितो त्याच्या हातून सत्याचा आग्रह धरला जात नाही. १९४२ च्या चळवळीत भूमिगत झालेल्यांबद्दलही त्यांचे हेच मत होते. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी अरुणा असफ अली यांना प्रकट होण्याचा सल्ला दिला होता.

दुसरा मुद्दा आमच्या अगदी अंगणातला. १७ जानेवारी १९५६ ला राज्य पुनर्रचनेच्या आंदोलनात या भागात गोळीबार झाला. मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारागडी आणि निपाणीच्या कमळाबाई मोहिते ही नावे आपण दर वर्षी त्या दिवशी उच्चारतो. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात जे गेले त्यांच्या नावांचे स्मारक हिंडलग्याला आहे. मेलेल्यांची नावे दगडात कोरायची आणि जिवंतांनी एका संमेलनाच्या वहीत ‘एक रसिक’ म्हणून लिहायचे, हे शोभते काय? त्या दिवशी माझ्या मनात हाच विचार होता. गुरुजींना मी जे बोललो त्याच्यामागे नुसता उर्मटपणा नव्हता, अशी माझी समजूत होती.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा. सगळ्यांनी नाव लिहिले तर कुणा एकावर बोट ठेवता येत नाही. एकटा लिहितो तो उघडा पडतो, पाचशे लिहितात तेव्हा पाचशेंना कोण काय करणार? या न्यायाने नाव लपवणारा हा लिहिणाऱ्याला एकटा पाडतो.

हे तिन्ही मुद्दे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो दिसायला सर्वांत चोख आहे. पाचशेंना कोण काय करणार, हे म्हणताना आपण धरून चालतो की पाचशेंच्या भीतीचे वजन सारखेच असते. पण ते तसे नसते. खडेबाजारात स्वतःच्या मालकीचे दुकान असलेला व्यापारी, पेन्शन सुरू झालेला कारकून, मुले पुण्याला नोकरीला लागलेला बाप, यांना नाव लिहायला काही पडत नाही. माझीही नोकरी संपली होती. उलट सरकारी नोकराला वर्तणुकीचे नियम असतात. सीमाप्रश्नाचा ठराव होण्याची शक्यता असलेल्या सभेला तो रसिक म्हणून आला होता की कार्यकर्ता म्हणून, हे ठरवणारा वरचा साहेब असतो. नुकतीच कायम झालेली नर्स, बदलीच्या रांगेत उभा असलेला कंडक्टर, कन्नड घरात सून म्हणून गेलेली मुलगी, यांच्यासाठी त्याच रकान्याची किंमत वेगळी. एकाच वहीत एकाच शाईने लिहिलेली दोन नावे सारख्या धैर्याने लिहिलेली नसतात. आणि वही पाहायला येणारा पाचशेंना काही करत नाही हे खरे, पण त्यातला कच्चा कोण हे तो बरोबर हेरतो.

आता हुतात्म्यांचा मुद्दा. ज्यांची नावे आपण उच्चारतो, त्यांची नावे कुणी आधी वहीत लिहून घेतली नव्हती. ते रस्त्यावर आले ते त्यांच्या मनाने. त्यांनी दिले ते त्यांचे होते म्हणून त्याला मोल आहे. मी गुरुजींकडून जे घेतले ते माझे नव्हते. हुतात्म्यांच्या नावाचा आधार घेऊन दुसऱ्याला धोक्यात ढकलणे हा त्यांचा सन्मान नव्हे, हे मला तेव्हा सुचायला हवे होते.

राहिले गांधीजी. इथे मात्र थोडे थांबायला हवे. गांधीजींनी नावे छापली ती कुणाची? दांडीला चालत निघालेल्या आश्रमवासीयांची. त्यांनी व्रत घेतले होते, तुरुंगाची तयारी केली होती. वाटेतल्या गावागावांत त्यांचे भाषण ऐकायला जमलेल्या शेतकऱ्यांची, पोरासोरांची यादी त्यांनी केली नाही. उघडेपणा हा सत्याग्रहीचा धर्म होता, श्रोत्याच्या प्रवेशाची अट नव्हती. आणि १९४४ मध्येही त्यांनी अरुणाबाईंना सल्ला दिला, त्यांचा ठावठिकाणा कुणाला दिला नाही. अरुणाबाईंनी तो सल्ला मानला नाही. १९४६ मध्ये वॉरंट रद्द झाल्यावरच त्या उघडपणे वावरू लागल्या. गांधीजींचा मतभेद कायम राहिला, पण त्यांच्या धैर्याचे कौतुक करायला ते चुकले नाहीत.

आपल्या एस. एम. जोशींचे उदाहरण तर याहून बोलके. सत्याला जागणारा माणूस म्हणून ज्यांच्याकडे उभ्या महाराष्ट्राने पाहिले, ते एसेम १९४२ च्या चळवळीत मौलवीच्या वेषात वावरत होते. ते खोटारडे होते असे म्हणण्याची कुणाची प्राज्ञा आहे? १९८६ साली बेळगावात बंदी होती तेव्हा छगन भुजबळ वेश पालटून शहरात शिरले, ही हकीकत आमच्याकडे अजून रंगवून सांगितली जाते. पण त्या हकीकतीतली एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. वेश होता तो पोहोचण्यापुरता. अटक झाली ती छगन भुजबळ म्हणूनच. नाव केव्हा झाकायचे आणि केव्हा उघड करायचे, ती वेळ त्यांनी स्वतः निवडली होती. दारावरच्या माणसाने नव्हे.

सातासमुद्रापलीकडे हाच प्रश्न एकदा न्यायालयापुढे आला होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या ‘एन. ए. ए. सी. पी.’ या संस्थेकडे अलाबामा राज्याने सर्व सभासदांच्या नावापत्त्यांची यादी मागितली. संस्थेने आपल्या पदाधिकाऱ्यांची आणि नोकरांची नावे द्यायची तयारी दाखवली, पण सामान्य सभासदांची यादी देणार नाही म्हणून सांगितले. राज्यातल्या न्यायालयाने तिला एक लाख डॉलर दंड ठोठावला. प्रकरण वरपर्यंत गेले आणि १९५८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. ज्यांची नावे आधी उघड झाली होती त्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्यांना धमक्या आल्या होत्या. तेव्हा यादी मागणे म्हणजे एकत्र येण्याचा हक्कच काढून घेणे, असा त्या निकालाचा मथितार्थ. मला त्यातली संस्थेची भूमिका महत्त्वाची वाटते. पुढाऱ्यांनी आपली नावे पुढे केली आणि अनुयायांची पाठीशी घातली. आम्ही नेमके उलटे केले होते. आमच्या स्वागत समितीतल्या काही जणांची नावे निमंत्रणपत्रिकेत ‘इतर कार्यकर्ते’ या दोन शब्दांत सामावली होती, आणि श्रोत्यांची मात्र पूर्ण नावे सहीसकट वहीत होती.

इथे कुणी विचारील, मग नावे घ्यायचीच नाहीत की काय? उद्या कुणी खोट्या नावाने येऊन गोंधळ घातला, कुणाची पर्स गेली, कुणी व्यासपीठावर काही फेकले, तर कुणाला धरायचे? प्रश्न बरोबर आहे. पण गोंधळ घालायला येणारा वहीत खरे नाव लिहून येत नाही. तो एक तर लिहीतच नाही किंवा दुसऱ्याचे लिहितो. वहीने अडतो तो गुरुजींसारखा पापभीरू माणूस. गोंधळाला उत्तर म्हणजे दारावर डोळस स्वयंसेवक, वही नव्हे.

तरीही काही ठिकाणी नाव हवेच. ते कुठे, याचा उलगडा मला बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाने केला. १८४८ साली स्थापन झालेली ही संस्था. अशा कोणत्याही वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशी जाऊन बसा, तुम्हाला नाव कुणी विचारत नाही. तासभर वाचा, घडी घालून ठेवा, उठून जा. पुस्तक घरी न्यायचे म्हटले की मात्र नाव, पत्ता, अनामत सगळे लागते. याला कुणी जाच म्हणत नाही, कारण का विचारले ते स्पष्ट दिसते. पुस्तक परत यायला हवे. नाव मागणारा आणि देणारा, दोघांनाही कारण माहीत असते, आणि पुस्तक परत आले की हिशेब मिटतो.

हाच न्याय सभेला लावून पाहावा. जो व्यासपीठावरून बोलणार त्याने नाव सांगितले पाहिजे, कारण तो शब्दांनी दुसऱ्याच्या आयुष्यात हात घालतो. टोपणनावाने लिहिणारा असला तरी निदान संपादकाला, संयोजकाला तो कोण हे माहीत हवे. ठरावावर जो मत देणार त्याचे नाव हवे. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. असा ठराव वाऱ्यावरच्या माणसांचा असून चालत नाही. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनातही प्रतिनिधी वेगळा आणि प्रेक्षक वेगळा असे. मुक्कामाला राहणाऱ्याचे नाव हवे, विशेषतः लेकीबाळी मुक्कामाला असतील तर. पैसे घेणाऱ्याचे, पावती देणाऱ्याचे नाव तर हवेच हवे.

मतदान केंद्राचे उदाहरण इथे पुष्कळ जण देतात. तिथे नाव मोठ्याने पुकारतात, बोटाला शाई लावतात, सही घेतात. मग संमेलनाला का नको? पण तिथे नाव विचारतात कारण एकाला एकच मत आहे. आणि नाव जितके उघड विचारतात तितकेच मत कडेकोट झाकतात. आत जाऊन काय केले हे कुणाला कळत नाही. आमच्या भागात मात्र कोणत्या सभेला गेला एवढ्यावरूनच माणसाचे मन वाचले जाते. इथे हजेरी हेच मत होऊन बसते. म्हणून मताला जो आडोसा मिळतो तो इथे हजेरीला मिळायला हवा.

एक आक्षेप मात्र मी झटकून टाकू शकत नाही. गर्दीत अपघात झाला तर? २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो माणसे गेली. यात्रेत नावनोंदणी नसते. घरून गेलेले माणूस परत का आले नाही, हे शोधत नातलगांना फिरावे लागते. करोनाच्या काळातही, २०२० साली, हॉटेलात चहा प्यायला गेले तरी नाव आणि फोन लिहावा लागे. तो लिहिताना कुणाला राग आला नाही, कारण शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाच्या जिवाशी त्याचा संबंध होता. तेव्हा वही वाईट असते असे मी म्हणत नाही. पण त्या वहीचे काम पंधरा दिवसांत संपत होते, आणि नंतर ती रद्दीत नव्हे, चुलीत जायला हवी होती. किती हॉटेलवाल्यांनी ती जाळली असेल, कुणास ठाऊक. नाव घेणे हे ठेव घेण्यासारखे आहे. ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरायची, आणि कारण संपले की परत करायची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तेव्हा वर्तमानपत्रांत आधार कार्डाची चर्चा फार झाली. मला मात्र आमच्या कपाटातली ती लांबट वही आठवली.

आता त्या वहीचे सांगतो. संमेलन झाल्यावर ती आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरी कपाटात पडून होती. का ठेवली, तर ‘पुढच्या वर्षी निमंत्रणाला उपयोगी पडेल’ म्हणून. दोन-अडीच महिन्यांनी एक जण आला. कुठून आला ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. अगदी गोड बोलत होता. संमेलन छान झाले म्हणाला, चहा घेतला आणि किती लोक आले होते ते पाहायला म्हणून वही मागितली. आमच्या कार्यकर्त्याने दिली. लपवण्यासारखे काय होते? आलेल्याने मोबाइलने पानांचे फोटो काढले, आभार मानले आणि गेला.

कुणाला काही झाले नाही. कुणाची नोकरी गेली नाही, की बदली झाल्याचे ऐकिवात नाही. कदाचित ते फोटो कुणी पाहिलेही नसतील. पण ही बातमी गावात पसरायला एक दिवस पुरला. पुढच्या वर्षी टेबल होते, अत्तर होते, नवी वही होती. गुरुजी आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत.

दिवाळीच्या आधी खडेबाजारात खरेदीला गेलो असताना ते एका कापडाच्या दुकानात भेटले. नातवाला कपडे घेत होते. दुकानदाराशी कन्नडमध्ये घासाघीस चालली होती, नातवाला मराठीत दटावणे चालले होते.

मी म्हटले, “गुरुजी, अलीकडे संमेलनाला दिसला नाहीत.”

“वेळ झाला नाही हो,” ते म्हणाले. मग हसून म्हणाले, “तुमची वही भरली असेल की. एक नाव कमी पडलं म्हणून काय बिघडतंय!”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला वाटते, तो असता तर बरे झाले असते.

ते त्या दिवशी धुळीतून बस बदलत आले होते ते एका कवीला ऐकायला. धोका ओळखूनच आले होते. ‘एक रसिक’ हे शब्द म्हणजे भ्याडपणा आहे असे मी समजलो. वास्तविक तो त्यांनी स्वतःच्या धैर्याला बेताने घातलेला बांध होता. इतके मी देऊ शकतो, याहून जास्त नाही. घरात नोकरी करणारे ते एकटे, त्यांना तो हिशेब करायचा पूर्ण अधिकार होता. मी तो हिशेब त्यांच्या वतीने करून टाकला, आणि तोही चार लोकांदेखत, लाज वाटायला लावून. भाषेवरच्या प्रेमापोटी आलेल्या माणसाला मी त्याच्या भाषेच्या दारात उभे करून जबानी घेतली.

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हे सारे बोललो. मतभेद झाले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “अशाने उद्या सगळेच बिननावाचे येतील, मग आपली मराठी माणसं आहेत तरी किती, हे जगाला दाखवणार कसं?” त्यांची तळमळ खोटी नाही. संख्येवर गावे या राज्यात की त्या राज्यात ठरली, त्या भागात माणसे मोजण्याची हौस सुटणे कठीण. मी एवढेच म्हटले, की संख्या दाखवायची तर डोकी मोजा, नावे कशाला? कीर्तनाला किती लोक होते ते बुवांना बसल्या जागी कळते. त्यासाठी पखवाज्याला वही घेऊन फिरावे लागत नाही.

शेवटी ठरले ते असे. वक्ते, कवी, मुक्कामाला राहणारे आणि ठरावाच्या सत्राला बसणारे यांची नोंद घ्यायची. ती कशासाठी हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहायचे, आणि महिन्याभरात वही अध्यक्षांच्या समोर नष्ट करायची. बाकीच्यांसाठी फक्त अत्तर आणि फूल. जेवणाला कुपन, त्यावर नुसता आकडा. स्वागत समितीतल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव मात्र पत्रिकेत छापायचे, ‘इतर कार्यकर्ते’ नाही. हे ऐकल्यावर दोघांनी समितीतून नाव काढून घेतले. त्यांना दोष देण्याचा मला काय अधिकार? तोही त्यांचा हिशेबच.

यंदाच्या पत्रिकेत माझे नाव आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे तसे. गुरुजींना पत्रिका नेऊन दिली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि नातवाच्या दप्तरात ठेवली. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असेही म्हणाले नाहीत. मांडवात टेबल असेल, पण मी दाराशी फुले घेऊन उभा राहणार आहे. ते आले, तर मी त्यांना ओळखीनच. पण नावाने हाक मारणार नाही.